खळ दिलेली बॅट

एका पूर्ण अंध फलंदाजाला मी त्याच्या नव्या बॅटचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'कशी दिसतेय?'

फोटो चांगला आला होता, एवढीच काय ती जमेची बाजू. बॅट खुर्चीला टेकवून उभी केली होती, मागे लाल चादर टांगली होती, उजेड डावीकडून घेतला होता. पात्यावर माझं आडनाव सोनेरी अक्षरांत चमकत होतं. दहा मिनिटांनी उत्तर आलं, तेही आवाजात रेकॉर्ड केलेलं. "अण्णा, माझ्या फोनमधली बाई मला सगळं वाचून दाखवती. तुमच्या मेसेजवर आली आन् नुसतं 'फोटो' म्हणून गप्प बसली. पुढचं तुमी सांगा की."

हे झालं तेव्हा मी पस्तीस वर्षं बॅटी बनवत होतो. म्हणजे नवशिकेपणाची सबबही नव्हती.

सोलापुरात बॅट बनते म्हटलं, की लोक माझ्याकडे काश्मीरमध्ये शेंगाचटणी बनते म्हटल्यासारखं बघतात. इथं चादर बनावी, टॉवेल बनावा, फार तर विडी वळावी. पण अक्कलकोट रोडवरच्या एमआयडीसीत, दोन यंत्रमागांच्या कारखान्यांमध्ये दाबून बसवल्यासारखी माझी शेड होती. अजून आहे. गेल्या वर्षी ती पुतण्याच्या ताब्यात दिली आणि मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सल्ले देण्याच्या कामाला लागलो. त्या कामाला तोटा नाही, फक्त गिऱ्हाईक नाही.

बॅटीचं काम तसं सांगायला सोपं. विलोचं लाकूड काश्मीरहून फाळ्या होऊन येतं. ते मऊ असतं, नखानं दाबलं तरी वण उठतो. म्हणून पात्याची पुढची बाजू यंत्रात दाबून घट्ट करायची. कमी दाबली तर चेंडूनं खड्डे पडतात. जास्त दाबली तर बॅट मरते, म्हणजे चेंडू तिला लागून तिथंच पायाशी पडतो. मूठ वेताची. वेताच्या पट्ट्यांत रबर घालून ती चिकटवायची, खालचं टोक पाचरीसारखं कापून पात्यात ठोकायचं, वरून दोरा आवळून गुंडाळायचा. मग लाकडी हातोडीनं पातं ठोकत बसायचं आणि आवाज ऐकायचा. बॅट जिवंत आहे की मेली हे डोळ्यांना कळत नाही, कानाला कळतं. हे वाक्य मी गिऱ्हाइकांना हजार वेळा ऐकवलं असेल. त्याचा अर्थ मला कळायला सिद्धाराम यावा लागला.

पण सिद्धारामच्या आधी नरसम्माक्कांची ओळख करून द्यायला हवी, कारण या गोष्टीत जिथं जिथं मी तोंडावर पडलो, तिथं शेजारी त्या उभ्या होत्या.

नरसम्माक्का राहायला कुंभारीला. घरात तेलुगू, शेजारपाजारी मराठी, भांडण कुठल्याही भाषेत. माझ्याकडे येण्याआधी वीस वर्षं त्या यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्यांवर सूत भरायच्या. दोऱ्यावरचा त्यांचा हात असा, की माझ्याकडे आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी बॅटीच्या मुठीला दोरा गुंडाळला आणि मला म्हणाल्या, "मालक, आधी कोण गुंडाळत होतं हो?"

"मीच," मी म्हटलं.

"हां," त्या म्हणाल्या. पुढची मूठ हातात घेतली. त्या 'हां'चा वण अजून आहे.

त्यांनी मला पहिल्यांदा वाचवायचा प्रयत्न केला तो तेलाच्या वेळी. बॅटीला जवसाचं कच्चं तेल हलक्या हातानं पुसायचं असतं. एकदा एका शाळेच्या पंधरा बॅटी द्यायच्या होत्या आणि जवसाचं तेल संपलं होतं. घरी करडईच्या तेलाचा डबा होता. मी म्हटलं, तेल ते तेल. आणि पुसायला वेळ कुठाय, म्हणून पंधराही बॅटी पत्र्याच्या टबात बुडवून ठेवल्या. नरसम्माक्का टबापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"मालक, ह्याच्यात भजी करायची काय?"

मी हसण्यावारी नेलं. दोन दिवसांनी बॅटी काढल्या. तेल पिऊन त्या अशा जड झाल्या होत्या, की सहावीतल्या पोराला एक उचलायला दुसरं पोर लागावं. तरीही पुसूनबिसून मी त्या पाठवल्या. आठवड्यानं खेळाचे शिक्षक एक बॅट घेऊन शेडमध्ये आले. बॅटीचं खालचं टोक कुरतडलेलं होतं. "कपाटात उंदरांनी खाल्ली," ते म्हणाले. "इतर कंपन्यांच्या बॅटी शेजारीच होत्या. त्यांना तोंड लावलं नाही. तुमच्याच आवडल्या." पंधराही बॅटी मी नव्यानं करून दिल्या.

दुसरी गोष्ट उजनीच्या पाण्याकाठच्या एका केळीवाल्याची. हा गडी आजोबांनी लावलेल्या, वादळात पडलेल्या कडुलिंबाचा ओंडका ट्रॅक्टरमध्ये घालून घेऊन आला. "ह्याची बॅट करा. आज्याची आठवण हाय." कडुलिंबाची बॅट होत नाही, हे सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. पण माझ्या अंगात तेव्हा नवनिर्माण संचारलं होतं. मी केली. मागून कोरली, कडा ठेवल्या, सगळी आधुनिक कलाकुसर. तिनं पहिला चेंडू मारल्यावर चेंडूला काही झालं नाही, फलंदाजाचे दोन्ही हात मात्र संध्याकाळपर्यंत झिणझिणत होते. तो माणूस मोठ्या मनाचा. अजून दर वर्षी केळीचा एक घड पाठवतो आणि निरोप देतो, 'बॅट दारामागं हाय. कुत्री लांब राहत्यात.'

तर असा मी. आणि असल्या माझ्याकडे एका सकाळी सिद्धाराम आला.

सिद्धाराम अक्कलकोटच्या बाजूचा, घरात कानडी. वय सदतीस. जन्मापासून दिसत नाही. एका सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर. रिक्षातून उतरला, काठीनं उंबरा चाचपला, आत आला आणि उभ्या जागी नाक वर करून म्हणाला, "विलोचा वास हाय. बरोबर आलो." मग खांद्यावरच्या पिशवीतून दोन बॅटी काढून त्यानं माझ्या हातात दिल्या. दोन्हींची खालची टोकं फाटून केरसुणीसारखी झालेली.

अंधांच्या क्रिकेटबद्दल मला तोवर ऐकूनही माहीत नव्हतं. त्यानं समजावलं. चेंडू कडक प्लास्टिकचा, पोटात छर्रे. तो खुळखुळत येतो. गोलंदाज आधी विचारतो, "रेडी?" फलंदाज "यस" म्हणतो. मग "प्ले" म्हणून चेंडू हात खालून, जमिनीलगत सोडतात. फलंदाज खाली वाकून, बॅट आडवी धरून, झाडू मारल्यासारखा फटका मारतो. बॅट जमिनीवरून घासतच जायला हवी, कारण चेंडूही जमिनीवरूनच येतो.

"आन् हितंच घोटाळा," सिद्धाराम म्हणाला. "बॅटचं टोक मॅटिंगमधी अडकतं. अडकलं की अर्धा क्षण जातो. बॉल गेलेला असतो."

राज्याच्या संघाच्या निवड चाचणीत तो दोनदा थोडक्यात राहिला होता. दोन्ही वेळा बॅट अडकली होती. या वेळची चाचणी तीन आठवड्यांवर होती, पुण्यात. तिथल्या प्रशिक्षकांनी त्याला निरोप दिला होता, की यंदा झालं तर झालं, नाहीतर पुढच्या वर्षीपासून नव्या पोरांना शिकवायला या.

"शिकवीन की," सिद्धाराम म्हणाला. "पण एकदा राज्याचा शर्ट घालून मग शिकवीन. न घालता शिकवलं तर पोरं इच्यारतील, सर तुमी कुटं खेळला?"

मी छाती पुढं काढली. त्याला ती दिसली नाही, म्हणून तोंडानंही सांगितलं, "काम झालं समज."

पहिली बॅट मी पाच दिवसांत केली. खालचं टोक गोल घेतलं, होडीच्या तळासारखं. त्यावर कडक प्लास्टिकचं पातळ कवच चढवलं. ते मॅटिंगवरून असं घसरायचं, की मी स्वतः पाच-सहा फटके मारून स्वतःचीच पाठ थोपटली. मग सोनेरी नाव चिकटवलं आणि फोटो काढला. नरसम्माक्का चादर धरून उभ्या होत्या. "मालक, त्यांना दिसत न्हाय की," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "अक्का, चादर जरा वर." त्यापुढचं तुम्हाला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सिद्धाराम आला. शेडच्या मागच्या मोकळ्या जागेत जुनं मॅटिंग अंथरलं. मी त्याचा छर्र्यांचा चेंडू टाकू लागलो. पहिला हुकला. दुसरा हुकला. बॅट अडकत नव्हती, लोण्यासारखी जात होती, आणि तरी सहाच्या सहा हुकले. सिद्धाराम बॅटीवर हात फिरवत उभा राहिला.

"अण्णा, तुमची बॅट लई बडबडती. बॉलला बोलूच देत न्हाय."

मला कळेना. त्यानं बॅट मॅटिंगवरून ओढली. खर्रर्र. आणि तेव्हा मला पहिल्यांदा तो आवाज ऐकू आला. आधी मी स्वतः पाच-सहा फटके मारले होते, पण माझे डोळे चेंडूवर होते. कान मी घरी ठेवून आलो होतो. त्या खर्रर्र आवाजात छर्र्यांची खुळखुळ बुडून जात होती. अंध माणसाच्या बॅटीनं मी त्याचा चेंडू झाकून टाकला होता.

दुसऱ्या बॅटीला मी रबर लावलं. रबर शांत असतं. हातानं घासून ऐकलंसुद्धा, डोळे मिटून, अगदी शहाण्यासारखं. पण रबर मॅटिंगला धरतं, हे सायकलचा टायर बघितलेल्या कुठल्याही माणसाला सांगता आलं असतं. सिद्धारामनं जोरात फटका मारला, बॅट जागीच रुतली आणि त्याचं मनगट मुरगळलं. तो ओरडला नाही. बॅट खाली ठेवली, मनगट दुसऱ्या हातात धरलं आणि म्हणाला, "किती दिवस राहिले अण्णा?"

"अकरा," मी म्हटलं.

तो काठी चाचपत रिक्षात बसून गेला.

आयुष्यात माझ्या बॅटी उंदरांनी खाल्ल्या, कुत्र्यांवर धावून गेल्या, त्यावर मी हसलो आणि इतरांनाही हसवलं. त्या दिवशी मला हसू आलं नाही. त्याचा सुजलेला हात डोळ्यांसमोरून हलेना. चार दिवस त्याचा फोन नाही. मीही केला नाही, तोंड कुठल्या भाषेत दाखवायचं? परदेशातून मागवलेला डिंक, कार्बनच्या पट्ट्या, इंटरनेटवरचे व्हिडिओ, सगळं करून पाहिलं. जे घसरेल ते खरखरेल, जे गप्प बसेल ते रुतेल.

पाचव्या दिवशी नरसम्माक्का दोऱ्याची कांडी बाजूला ठेवून उठल्या.

"मालक, एक इच्यारू? ताण्याचा धागा मागावरल्या फणीतनं दिवसभर जातोय-येतोय. अडकतोय का?"

"नाही."

"आवाज करतोय का?"

"अक्का, यंत्रमागाचा आवाज एमआयडीसीच्या टोकापर्यंत जातो!"

"ते यंत्र वरडतंय. धागा न्हाय. धागा गप जातोय. कशानं? त्याला खळ दिल्याली असती म्हणून."

आता बाहेरच्यांसाठी सांगतो. कापड विणण्याआधी उभ्या धाग्यांना पेजेसारखी चिकट खळ देतात. ती वाळली की धागा गुळगुळीत होतो, घासून तुटत नाही. नरसम्माक्कांच्या सासरी हातमाग होता तेव्हा चिंचोके भाजून, भिजवून, कुटून खळ करत. हे सगळं माझ्या शेडच्या दोन्ही भिंतींपलीकडे पस्तीस वर्षं चाललं होतं, आणि मी परदेशातून डिंक मागवत होतो.

दुसऱ्या दिवशी त्या घरून डबा घेऊन आल्या. त्यात चिंचोक्याची खळ. सोबत टॉवेलच्या कारखान्यातून मागून आणलेली काठाची घट्ट विणलेली सुती पट्टी. त्यांनी पट्टी खळीत बुडवली, बॅटीच्या टोकावर दोन पदर ओढून बसवली, वाळू दिली, पुन्हा खळ दिली, पुन्हा वाळवली. शेवटी तळहातानं मेण घासलं. मी म्हटलं, "अक्का, वर माझा डिंक एक हात देऊ का? पक्कं होईल."

"तुमी लांब बसा."

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसलो. तेव्हापासून त्याच स्टुलावर आहे.

सिद्धारामला मी फोन केला. मनगटाची सूज उतरली होती. आवाज कोरडा होता. "फोटो पाठवू नका," एवढंच म्हणाला. संध्याकाळी आला. बॅट हातात घेतली, टोकावरून अंगठा फिरवला, बॅट कानाशी नेली. मग मॅटिंगवरून हळूच ओढली. पुन्हा जोरात ओढली.

"काय लावलंय?"

"चिंचोके," मी म्हटलं.

"यप्पा!" तो म्हणाला, आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा हसला. "टाका बॉल."

पहिला हुकला. दुसरा कडेला लागला. तिसरा असा लागला, की शेजारच्या कारखान्याच्या पत्र्यावर जाऊन धडकला आणि तिकडून कोणीतरी तेलुगूत माझ्या घराण्याचा उद्धार केला. नरसम्माक्कांनी त्याच भाषेत परतफेड केली. सुती पट्टी खेळाच्या नियमात बसते का, एवढं मी पुण्यात फोन करून विचारून घेतलं. बसत होती. त्या अख्ख्या प्रकरणात मी नीट केलेलं हे एक काम.

चाचणीला मी त्याच्यासोबत गेलो. प्रत्येक फलंदाजाला दोन षटकं. सिद्धाराम उभा राहिला. "रेडी?" "यस." "प्ले." चेंडू खुळखुळत निघाला आणि माझ्या तोंडून निघालं, "सिद्धाराम, डावीकडं!"

पंचांनी हात वर केला. चेंडू रद्द. अंधांच्या सामन्यात चेंडू चालू असताना बघणाऱ्यांनी श्वासही मोठ्यानं घ्यायचा नसतो. हे मला सकाळीच सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. पुढच्या चेंडूला मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, आणि खिशातला फोन वाजला.

"हे गृहस्थ कोणासोबत आलेत?" पंच म्हणाले. "त्यांना बाहेर घ्या."

फाटकाबाहेर, भिंतीपलीकडे मला नेऊन सोडलं. तिथं वॉचमन खुर्ची टाकून बसला होता. "काय चाललंय आत?" त्यानं विचारलं.

"बॅटिंग."

"दिसतंय का तुमाला हितनं?"

"नाही," मी म्हटलं, आणि भिंतीला कान लावला.

"रेडी?" "यस." "प्ले." छर्रे खुळखुळत आले, जवळ, आणखी जवळ. मी खरखर होण्याची वाट बघत होतो. खरखर झाली नाही. बॅट कुठं आहे ते कळतच नव्हतं, फक्त चेंडू बोलत होता. आणि मग एकदम, भरीव, ठक्! बॅटीच्या बरोब्बर मध्यावरचा तो आवाज मी हातोडीनं पस्तीस वर्षं शोधला होता. त्या दिवशी तो भिंतीपलीकडून आला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वॉचमननं मला पाण्याची बाटली दिली. बहुधा त्याला ऊन लागल्यासारखं वाटलं असावं. मी ऐकत राहिलो. पुन्हा ठक्. एकदा हुकलेला चेंडू धातूच्या स्टंपवर खणकन वाजला, तेव्हा माझं काळीजही खणकलं. पण त्यानंतर पुन्हा ठक्, पुन्हा ठक्.

सिद्धाराम बाहेर आला तेव्हा शर्ट घामानं भिजला होता. "अण्णा, कुटं गेलता?"

"बाहेर काढलं मला."

"कळलं की. तुमचा आवाज गेला तवाच मला बॉल दिसाय लागला."

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. मी घाईघाईनं उचलला. तो म्हणाला, "नरसम्माक्काला द्या." मी मुकाट्यानं फोन दिला. अक्कांनी ऐकलं, "अय्यो, देवा," म्हणाल्या, पदरानं तोंड पुसलं आणि फोन मला परत देऊन पुन्हा दोरा गुंडाळायला बसल्या. निवड झाली, हे मला त्यांच्या पाठीकडे बघून कळलं. त्या दिवशी त्यांनी गुंडाळलेला एक दोरा मात्र सैल निघाला. इतक्या वर्षांत तेवढा एकच.

त्यानंतर मी त्यांना म्हटलं, "अक्का, ह्या बॅटीवर तुमचं नाव घालू." त्या म्हणाल्या, "नाव कशाला? कुंभारीची रिक्षा बांधून द्या. बसला लई गर्दी असती." रिक्षा बांधली. नावही घातलं, त्यांना न विचारता. त्यांना ते आवडलं की नाही हे अजून कळलेलं नाही, कारण त्यावर त्या फक्त 'हां' म्हणाल्या.

मला बॅटीनं काय दिलं, असं लोक विचारतात. लाकूड ऐकायला शिकवलं, असं मी सांगतो. खरं म्हणजे शेजारी बसलेल्या माणसाचं ऐकायला शिकवलं, तेही फार उशिरा, आणि दुसऱ्याचं मनगट दुखावल्यावर. पण शिकवलं, आणि शिकवणारी माणसं मला सोडून गेली नाहीत. हे माझं नशीब.

सिद्धारामच्या कार्यालयात त्याचा सत्कार झाला. तो राज्याचा शर्ट घालूनच आला होता. मी नवा कुर्ता घालून पहिल्या रांगेत, शेजारी नरसम्माक्का. एका वार्ताहरानं त्याला विचारलं, "ही खास बॅट कोणी तयार केली?" मी कुर्त्याच्या बाह्या सारख्या करून अर्धवट उठलोही.

सिद्धाराम म्हणाला, "बॅट नरसम्माक्कानं केली. अण्णांनी फोटो काढला. कसा आलाय, मी अजून बघितला न्हाय."